आरव्हीत स्वयंपाकघर किती न्यायचं?



मे महिना लागला की मला ठरावीक फोन येतात. "वहिनी, तुम्ही लेचवर्थला आरव्ही घेऊन गेला होतात ना? यादी पाठवा की." यादी कसली, तर खायच्या पदार्थांची. रस्ता कुठला, जागा कशी मिळवायची, पाणी कुठे भरायचं हे कुणी विचारत नाही. ते "हे बघतील" या खात्यात जमा. आपल्या वाट्याला यादी. दोन वर्षं मी ती पाठवलीसुद्धा. भाजणी, मेतकूट, मुगाची डाळ, दोन प्रकारच्या चटण्या, दशम्या, चिवडा, लाडू, कुकर एक की दोन. यंदा पाठवणार नाही. त्याऐवजी हे लिहिते आहे.

आधी जागेबद्दल सांगते, कारण नियोजन तिथूनच सुरू होतं. लेचवर्थ स्टेट पार्क न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, जेनेसी नदीच्या खोऱ्यात आहे. ही नदी पेनसिल्व्हेनियात उगम पावून उत्तरेला वाहते आणि रॉचेस्टरपाशी ऑन्टारिओ सरोवराला मिळते. हिमयुगात तिची जुनी वाट बुजली, म्हणून तिने खडकातून नवी कोरून काढली. तीच ही घळ. काही ठिकाणी कडे साडेपाचशे-सहाशे फूट उंच आहेत. दक्षिणेच्या टोकाला तीन मोठे धबधबे, त्यातला मधला १०७ फुटांचा. वरच्या धबधब्याच्या डोक्यावरून रेल्वेचा पूल जातो. जुना लोखंडी पूल १८७५ चा होता, त्याच्या जागी २०१७ मध्ये कमानीचा नवा आला. मालगाडी आली की मुलं धबधबा विसरून डबे मोजत बसतात.

न्यू जर्सीतून आमच्या घरापासून अंतर सुमारे ३०० मैल. इंटरस्टेट ८० ने पश्चिमेला, मग ३८०, ८१, बिंगहॅम्टनवरून ८६ आणि शेवटी ३९०. कारने पाच तासांत होतं, आरव्हीने सात धरा. आरव्हीची उंची अकरा-बारा फूट असते, आणि न्यूयॉर्क शहराच्या आसपासच्या कित्येक पार्कवेंवरचे पूल बुटके आहेत. फोनमधला नकाशा कारचा रस्ता दाखवतो, त्याला तुमच्या डोक्यावर काय आहे ते ठाऊक नसतं. हे एवढं "ह्यां"ना एकदा मोठ्याने वाचून दाखवा.

आता आमची पहिली फेरी. चार वर्षांपूर्वीची. आम्ही चौघं आणि दीर-जाऊ आणि त्यांची मुलगी, अशी सात माणसं एका आरव्हीत. सोबत दुसरी गाडी नाही, कारण "घरच घेऊन चाललोय, गाडी कशाला?" नकाशा नीट कुणी पाहिलाच नव्हता. हे पार्क नदीच्या काठाने सतरा मैल लांब पसरलेलं आहे. कॅम्पिंगची जागा, म्हणजे हायबँक्स, उत्तरेकडे, आणि धबधबे दक्षिणेच्या टोकाला. म्हणजे धबधबा बघायला जायचं तर रोज सकाळी सगळं घर आवरून, विजेची तार काढून, कपाटं लावून, अख्खी आरव्ही चालवत न्यायची. आणि जिथे आरव्ही तिथे स्वयंपाकघर, जिथे स्वयंपाकघर तिथे आम्ही दोघी जावा.

मिडल फॉल्सच्या पार्किंगमध्ये मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. अतिशयोक्ती नाही ही. बाहेर सगळे फोटो काढत होते आणि आत मी खिचडी लावली होती, कारण मुलांना अकरालाच भूक लागली होती. जाऊबाई त्या हातभर ओट्यावर काकडी चोचवत होत्या. धबधब्याचा आवाज आत येत होता. शिट्टीचा आवाज बाहेर जात असणार. तीन दिवसांत मी तो धबधबा जेमतेम वीस मिनिटं बघितला, तोही ओल्या हातांनी.

परत आल्यावर ह्यांनी सगळ्यांना सांगितलं, "काय मस्त सोय झाली! बाहेरचं एक घास खाल्लं नाही." खरंच नव्हतं खाल्लं. मला राग आला आणि त्या रागाची लाजही वाटली. शुद्ध, घरचं, कांदा-बटाट्याशिवायचं जेवण मुलांच्या पोटात गेलं, याहून मला काय हवं होतं? आपल्यातल्या अनेकजणी इथेच थांबतात. मीही थांबले होते, दोन वर्षं.

आरव्हीच्या विरोधात मी नाही, हे आधीच सांगते. मोटेलमध्ये उतरून आम्ही पूर्वी ज्या सहली केल्या, त्यात ब्रेड, चिप्स आणि सफरचंदावर दिवस काढले आहेत. वेफर्सच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून डोळे दुखले. मांस भाजलेल्या तव्यावरच तुमचं सँडविच भाजून देणारा माणूस वाईट नसतो, त्याला फक्त तुमचा प्रश्न कळत नाही. आपलं पाणी, आपला तवा, आपली शेगडी सोबत असणं ही आपल्यासाठी मोठी गोष्ट आहे. मंदिरात एक काका मला म्हणाले होते, "घर पाठीवर घेऊन फिरायचं, हा परिग्रहच नाही का?" थोडं खरं आहे. मोठी आरव्ही गॅलनला आठ-दहा मैल जाते. म्हणून आम्ही आता लहानात लहान घेतो. पण काकांच्या सहलीत भाकरी कोण करतं, हे मी त्यांना विचारलं नाही. वयाचा मान.

दुसऱ्या फेरीच्या वेळी सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. त्या सूर्यास्ताच्या आधी दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, जेवण आटोपतात. नंतर पाणीही नाही. उकळलेलं पाणी चोवीस तासांच्या पुढे चालत नाही. पिठाची मर्यादा उन्हाळ्यात पाच दिवस. मला वाटलं, झालं, आता तर मी आरव्हीतून बाहेरच येत नाही. निघायच्या आदल्या आठवड्यात मी ओट्यावर डबे मांडून बसले होते. सतरा डबे होते. सासूबाई आल्या, चष्मा लावून त्यांनी सगळे मोजले आणि म्हणाल्या, "आपण तिथं जेवायला चाललोय का नदी बघायला?"

मी म्हटलं, "आई, तुमचंच सगळं सांभाळायचंय म्हणून."

"माझं काय सांभाळायचंय? मला दोन वेळा भाकरी-उसळ बास. संध्याकाळी लवकर जेवायचं म्हणजे लवकर सुटायचं. रात्री दहाला पुऱ्या तळायचा नियम कुठल्या शास्त्रात आहे?"

मी सतरातले नऊ डबे परत कपाटात ठेवले.

आणि मग जे झालं ते मला अजून नवल वाटतं. जून अखेरीस त्या भागात सूर्य मावळतो तो पावणेनऊच्या पुढे. सांगलीत तेव्हा सातच्या सुमारासच दिवस मावळतो. म्हणजे तिथे सात ते आठच्या मध्ये जेवण, आठला शेगडी बंद. बंद म्हणजे बंद. कुणी "जरा चहा टाक गं" म्हणत नाही, कारण आजी समोर बसलेली आहे. त्यानंतरही तासभर उजेड असतो. आम्ही पाचही बायका-मुली रोज त्या तासात चालायला गेलो. ज्या नियमाला मी अडचण समजत होते, त्याने मला रोजची संध्याकाळ दिली. घरी न्यू जर्सीत हाच नियम मी वर्षभर "जमत नाही गं" म्हणून टाळत आले होते.

म्हणून माझं मत असं आहे. आरव्हीच्या सहलीचं नियोजन पदार्थांपासून सुरू करू नका, सूर्यास्तापासून करा. ज्या आठवड्यात जाणार त्या आठवड्यातली सूर्यास्ताची वेळ आधी लिहा आणि तिथून उलटं मोजत या. स्वयंपाक दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, आणि मधल्या वेळी फळं, दाणे, चिवडा ज्याचा त्याने घ्यायचा. ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तेव्हा तिथे साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. फिरून येऊन मग स्वयंपाक असं करायला गेलात तर नियम तरी मोडेल नाहीतर तुम्ही.

तारखांचंही तसंच. इथला कॅम्पिंगचा भर जुलै-ऑगस्टचा, आणि तेव्हा आपला चातुर्मास. मुक्काम न हलवण्याचा नियम मुनी-आर्यिकांना आहे, आपल्याला नाही, हे मला कळतं. पण आमच्या घरात चातुर्मासात हौसेचा प्रवास करत नाहीत, आणि दमट दिवसांत गवतावर, मातीत किती जीव असतात ते डोळ्यांनी दिसतं. तेव्हा मुलांची शाळा सुटल्यापासून आषाढी चतुर्दशीपर्यंतचे दोन-तीन आठवडे एवढीच आमची खिडकी. त्यात चार जुलैचा आठवडा गर्दीचा आणि महागाचा. न्यूयॉर्कच्या स्टेट पार्कची जागा नऊ महिने आधीपासून राखून ठेवता येते. जून अखेरीच्या नऊ महिने आधी म्हणजे सप्टेंबरची अखेर, म्हणजे बहुतेक वर्षी आपलं दशलक्षण पर्व संपून क्षमावाणी होते त्याच्या आगेमागे. क्षमा मागून झाली की आम्ही जागा राखतो. हे लक्षात ठेवायला सोपं आहे म्हणून सांगितलं.

जागा राखताना विजेची सोय आहे का ते बघा, म्हणजे जनरेटर लावावा लागत नाही. त्याचा आवाज आणि धूर शेजाऱ्यांनी का सोसायचा? पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची जोडणी तुमच्याच जागेवर असेल असं मात्र धरून चालू नका. आरव्हीत तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, दुसरी भांडी-अंघोळीच्या सांडपाण्याची आणि तिसरी शौचालयाची. चांगलं पाणी संपण्याआधी सांडपाण्याची टाकी भरते, असं आमचं दोन्ही वेळी झालं. भरली की सगळं आवरून डंप स्टेशनवर जायचं. हे काम ह्यांचं, आणि ते त्यांनी एकदा केलं की घरातल्या पाण्याकडे बघायची त्यांची नजर बदलते.

सासूबाई जेवण झालं की ताटात थोडं पाणी घालून, बोटाने ताट फिरवून ते पाणी पितात. अन्नाचा कण टाकायचा नाही आणि खरकट्यात जीव होऊ द्यायचे नाहीत म्हणून. आमची मुलं लहानपणापासून यावर तोंड लपवून हसायची. आरव्हीत दुसऱ्या दिवशी ह्यांनी टाकीचा काटा बघितला आणि सगळ्यांना सांगितलं, "आजीसारखं ताट करा." धाकट्याने केलं. मोठीने कागदाने पुसलं, तेही चालतं. चार दिवसांत एकदाच डंप स्टेशनला जावं लागलं.

भाड्याच्या आरव्हीबद्दल एक कटू अनुभव. पहिल्या वेळी आम्ही भांड्यांचा संच त्यांच्याकडूनच घेतला होता, वरचे पैसे मोजून. पातेल्याच्या कडीखाली कशाचा तरी चिकट थर होता आणि ओव्हन उघडल्यावर आलेला वास मी इथे लिहीत नाही. फोन केला तर "गाडी स्वच्छ करून दिली होती" एवढंच उत्तर. तेव्हापासून भांडी आमची, चाकू-पाट आमचे, ओव्हनला हात नाही. फ्रिज आणि ओटा निघण्याआधी गरम पाण्याने पुसून घेतो. भाड्याच्या कागदावर रात्रीच्या दराखेरीज मैलांचे, जनरेटरच्या तासांचे आणि सफाईचे पैसे वेगळे असतात. ते आधी बेरजेत धरा, नाहीतर परतीच्या वाटेवर नवरा-बायको बोलत नाहीत.

आता शेकोटी. यावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतो आणि यंदाही होईल. मुलांना कॅम्पिंग म्हणजे शेकोटी आणि तिच्यावर भाजलेले मार्शमेलो. साध्या मार्शमेलोत जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होतं, हे मुलांना आता पाठ आहे. जिलेटिन नसलेले मिळतात, ते आणता येतात. पण काळोखात पेटवलेल्या आगीवर पतंग येऊन पडतात, त्याचं काय? मी सरळ "नाही" म्हटलं होतं. मोठी म्हणाली, "मग तू गॅस पेटवतेस तो?" उत्तर सुचलं नाही. शेवटी असं ठरलं की आग सहाला, लख्ख उजेडात पेटवायची, तिच्यावर मक्याची कणसं भाजायची आणि अंधार पडायच्या आत पाणी ओतून, राख हलवून, पुन्हा पाणी ओतून विझवायची. मला हे पूर्ण पटलेलं नाही. तिलाही नाही. पण कणसं दोघींनी खाल्ली. तिथल्या लोखंडी जाळीवर आधीच्यांनी काय भाजलं असेल ते सांगता येत नाही, तेव्हा कणसं हातात धरून, सालासकट. आणि लाकडं घरून नेऊ नका. लाकडात दडलेली कीड नव्या जंगलात जाते म्हणून न्यूयॉर्कमध्ये बाहेरच्या राज्यातलं, प्रक्रिया न केलेलं सरपण आणायला बंदी आहे. पार्काच्या जवळच घ्यायचं.

उरलेलं अन्न खारीला, रॅकूनला घालायची आपल्याला फार हौस. मुक्या जिवाला घास, असं आपण म्हणतो. तिथे ते करू नका, मनाई आहे आणि ती बरोबर आहे. माणसाच्या हातचं खायची सवय लागलेला प्राणी रस्त्यावर येतो आणि गाडीखाली जातो. दया म्हणून टाकलेला तुमचा लाडू त्याच्या जिवावर उठतो. अन्न आत, कचरा झाकणाच्या डब्यात. गोचिडींचाही हंगाम असतो, तेव्हा फिक्या रंगाचे लांब कपडे, मोजे पँटवर ओढलेले, आणि रात्री मुलांचे कान, मान, गुडघ्यांची मागची बाजू बघायची.

सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे आम्ही खालच्या धबधब्याकडे गेलो नाही, तिथे शंभराहून जास्त पायऱ्या आहेत. पण इन्स्पिरेशन पॉइंट रस्त्यालगतच आहे. तिथून घळीतले दोन धबधबे एकामागे एक दिसतात. दुसऱ्या वेळी दीर त्यांची कार घेऊन आले होते आणि त्यांनी शेजारच्या जागेत तंबू टाकला, त्यामुळे आरव्ही हायबँक्सलाच उभी राहिली आणि आम्ही कारच्या दोन फेऱ्यांत सगळे पोचलो. स्वयंपाकघर सतरा मैल लांबीच्या पार्काच्या दुसऱ्या टोकाला होतं. डब्यात दशम्या आणि दाण्याची चटणी. सासूबाई कठड्याच्या बाकावर बसल्या ते तासभर उठल्या नाहीत. ही सगळी जागा एका माणसाची होती, हे मी त्यांना सांगितलं. विल्यम प्रायर लेचवर्थ, बफेलोचे उद्योगपती. १८५९ मध्ये त्यांनी इथे जमीन घ्यायला सुरुवात केली, जंगल तोडलेल्या जागी झाडं लावली, आणि नदीवर धरण बांधून वीज करायच्या बेतापासून ती वाचावी म्हणून १९०६ मध्ये सुमारे हजार एकर राज्याला देऊन टाकली. सासूबाईंनी विचारलं, "जिवंतपणी दिली?" हो म्हटल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चटणी दे बघू इकडं."

यंदाच्या कामांची वाटणी आम्ही कागदावर लिहून फ्रिजला लावली आहे. पाणी उकळणं मी, सकाळी एकदाच. भाकऱ्या जाऊबाई. टाक्या, विजेची तार आणि गॅस ह्यांच्याकडे. भांडी मुलं. संध्याकाळचं जेवण एक दिवस दीर आणि एक दिवस हे. दिरांनी खिचडी निवडली, हुशार माणूस. ह्यांनी पिठलं. परवा सराव म्हणून केलं, गुठळ्या झाल्या. सासूबाईंनी सांगलीहून व्हिडिओवर बघितलं आणि म्हणाल्या, पीठ आधी गार पाण्यात कालव रे. अजून तीन आठवडे आहेत.